तिसऱ्या ओळीतला तारा

मिस कॉर्लिसने पांढरा हातमोजा घातलेलं बोट झेंड्यावरच्या ताऱ्याच्या भोकातून आरपार घातलं आणि टेबलाभोवतीच्या सगळ्यांचा श्वास अडकला.

"हे फार सुंदर आहे," ती म्हणाली.

हेस्टरने आत्याकडे पाहिलं. थर्झा आत्या छत न्याहाळत बसली होती, जणू तिथे काही लिहिलेलं होतं. तिच्या भावाने, लायमनने, दुखरा पाय खुर्चीखाली ओढून घेतला. आणि बाबा, म्हणजे ऑरिन मेरिथ्यू, खिडकीकडे तोंड करून उभे होते ते तसेच उभे राहिले. मानेची शीर तेवढी ताठ झाली. आठ वर्षांत त्या भोकाला कुणी सुंदर म्हटलं नव्हतं. गावात त्याच्याबद्दल काय काय बोललं जातं ते हेस्टरला तोंडपाठ होतं, पण हा शब्द त्यात कुठेच बसत नव्हता.

शनिवार होता, जुलैची दोन तारीख. काकवी घातलेल्या घेवड्याची हंडी पहाटेपासून ओव्हनमध्ये होती आणि तिचा वास जिन्यापर्यंत पोचला होता. जेवणाच्या टेबलावर स्वच्छ चादर, चादरीवर देशाचा जुना झेंडा. मिस कॉर्लिस सकाळी दहाला ऑगस्टाहून राज्याच्या संग्रहालयाची गाडी घेऊन आली होती आणि आल्यापासून भिंग आणि पट्टी घेऊन त्या कापडावर अशी वाकली होती की तिला दिलेली कॉफी निवून गेली तरी तिने कपाला हात लावला नव्हता. दुपारी चारला सह्या. सह्या झाल्या की झेंडा पेटीत, पेटी गाडीत, आणि सोमवारी चार जुलैला, स्वातंत्र्यदिनी, मेरिथ्यूंच्या सज्जावर एकशे सोळा वर्षांत पहिल्यांदाच काही फडकणार नव्हतं. कापडाला कसर लागली होती, आत्या ऐंशीची झाली होती, बाबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. डागडुजी करणार कोण? गेल्या महिन्यात सगळ्यांनी मिळून तो संग्रहालयाला द्यायचं ठरवलं, आणि ठरवून झाल्यावर तीन दिवस कुणी कुणाशी धड बोललं नाही.

"लोकरीचं कापड आहे, समुद्रावर वापरतात ते," मिस कॉर्लिस वहीत लिहीत होती. "निळं कापड तीन पट्ट्या जोडून केलंय. तेव्हा ते अरुंदच मिळायचं. पट्टे तेरा, सगळे हाताने शिवलेले. पण ही शिवण! कडा एकमेकींत अडकवून दोनदा शिवलेली. अशी शिवण मी शिडांवर पाहिली आहे. झेंड्यावर नाही."

"माझे आजोबा शिडंच शिवायचे." बाबा शेवटी वळले. "आजीला त्यांनी शिकवलं. तिला दुसरी शिवण येतच नव्हती. पोरांचे सदरेसुद्धा ती असेच शिवायची. फाटायचे नाहीत, पण काखेत काचायचे."

"काचायचे म्हणजे! रक्त यायचं," आत्या म्हणाली. "मी घातलेत."

"आणि तारे एकेरी." मिस कॉर्लिसने एक टोक हळूच उलटून दाखवलं. "तारा पुढून शिवला, मग मागचं निळं कापड ताऱ्याच्या आकारात कापून काढलं आणि त्याची कड दुमडून मागूनही शिवली. तोच तारा दोन्ही बाजूंनी दिसतो. नाहीतर अडुसष्ट तारे कापावे लागले असते. चौतिसांत काम झालं."

"काटकसरी होती," बाबा म्हणाले.

"चिक्कू होती म्हण की," आत्या म्हणाली. "गेलेल्या माणसाला काय उगाच साखर लावायची!"

दोरी ओवायच्या जाड पट्टीवर विटक्या शाईत नाव होतं: केझाया मेरिथ्यू, १८६१. मिस कॉर्लिसने ते मोठ्याने वाचलं आणि बाबांचा आवाज उघडला. हेस्टरला माहीत होतं, आता गोष्ट येणार. दर चार जुलैला सज्जावर उभं राहून अख्ख्या गावाला सांगतात तीच. त्या उन्हाळ्यात दक्षिणेची अकरा राज्यं देशातून फुटून निघाली होती. केझायाचा सख्खा भाऊ तिकडे सव्हानाला दुकान टाकून बसलेला, तोही त्यांच्याच बाजूने बंदूक घेऊन उभा राहिला. गावातले चार शहाणे केझायाच्या दारात आले. म्हणाले, बाई, यातले त्या अकरा राज्यांचे तारे काढ, त्यांची आता इथे जागा नाही.

"आणि माझी आजी काय म्हणाली ठाऊक आहे?" बाबांची छाती पुढे आली. "म्हणाली, भाऊ रुसून गेला म्हणून त्याची खुर्ची कुणी चुलीत घालत नाही! एकही तारा काढू दिला नाही तिने. एकही नाही!"

"वा," मिस कॉर्लिस म्हणाली.

आत्याने खाकरून घसा साफ केला. ते खाकरणं घरातल्या प्रत्येकाला कळलं. आठ वर्षं ती या वाक्याला अशीच खाकरत होती.

कारण त्या चौतीस ताऱ्यांपैकी तेहतीसच शिल्लक होते. मेरिथ्यूंच्या घरात मूल झालं की त्याला त्या झेंड्यातला एक तारा नेमून देतात. मुलगा असो की मुलगी, वयाच्या सातव्या वर्षापासून आपापल्या ताऱ्याची डागडुजी आपण करायची. जूनच्या शेवटच्या रविवारी सगळे या टेबलाभोवती बसतात आणि वाऱ्याने उसवलेलं ज्याचं त्याने शिवायचं. हेस्टरचा दुसऱ्या ओळीतला तिसरा. लायमनचा तिच्या शेजारी. आल्मन सगळ्यात धाकटा, त्याचा तिसऱ्या ओळीतला शेवटचा, कडेचा. तो वाऱ्यात सगळ्यात जास्त फाटायचा, आणि आल्मन दरवर्षी कुरकुरायचा की मलाच का हा वात्रट तारा दिला.

एकोणसत्तर साली त्याला लष्कराच्या सक्तीच्या भरतीचं बोलावणं आलं. वीस वर्षांचा होता. एका सकाळी त्याने पिशवी खांद्याला लावली आणि पुलावरून चालत नदीपलीकडे गेला. पलीकडे कॅनडा. घराच्या सज्जावरून तिथली धुणी वाळत घातलेली दिसतात. त्या संध्याकाळी बाबांनी शिडांचा चाकू आणून तारा टाका टाका उसवला आणि स्वयंपाकघरातल्या चुलीत घातला. त्यानंतर त्यांनी त्या मुलाचं नाव तोंडातून काढलं नव्हतं. कधी विषय निघालाच तर "पलीकडचा" म्हणायचे. यंदा जानेवारीत सरकारने लढाई टाळून गेलेल्या अशा सगळ्या मुलांना माफी दिली. सरकारने दिली. बाबांनी वर्तमानपत्र घडी करून ठेवलं आणि लाकडं फोडायला निघून गेले.

मिस कॉर्लिसला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिचं बोट अजून त्या भोकाच्या कडेवरून फिरत होतं.

"हे मी पूर्वी पाहिलंय," ती हळू आवाजात म्हणाली. "पाच-सहा झेंड्यांवर. घरातला मुलगा लढाईला निघाला की झेंड्यातला एक तारा काढून त्याच्या खिशात द्यायचे. आणि ही कड बघा ना. किती जपून दुमडलीय. एकदाच नाही, पुन्हा पुन्हा शिवलीय, टाक्यांखाली जुने टाके आहेत. निळं ठिगळ लावून टाकणं किती सोपं होतं! नाही लावलं. कुणीतरी जागा धरून ठेवलीय इथे. कुणीतरी वाट बघत होतं."

ठिगळ लाव म्हणून बाबांनी आत्याला कितीदा बजावलं होतं, आणि दरवर्षी तिने, "आणलंय निळं कापड, लावते," म्हणत नुसती कड दुमडली होती. आठ वर्षांत कुणी तिचं ते शिवण नीट पाहिलंही नव्हतं. आज एका परक्या बाईने पाहिलं.

"कोण गेलं होतं तुमच्यातलं?" मिस कॉर्लिसने पेन उचललं. "मला नोंद करायला हवी. लढाईवर निघालेल्या मुलाला आठवण म्हणून दिला, असं लिहू?"

हेस्टरला बाबांच्या चेहऱ्यावर सगळं दिसलं. आयतं उत्तर समोर आलं होतं, आणि तेही किती इभ्रतीचं! एकदा 'हो' म्हटलं की झालं. काचेच्या पेटीवर छापील चिठ्ठी लागेल, शाळेतली पोरं येऊन वाचतील, आणि पन्नास वर्षांनी तेच खरं ठरेल.

"लिहा," बाबा म्हणाले.

"नका लिहू," लायमन म्हणाला.

घरात सगळ्यात कमी बोलणारा माणूस तो. व्हिएतनामहून पाय अधू करून आल्यापासून त्याने कधी बाबांच्या शब्दाबाहेर शब्द काढला नव्हता. आल्मनच्या बाबतीत तो बाबांच्याच बाजूचा, असं सगळे धरून चालले होते. हेस्टरसुद्धा.

"लढाईवर मी गेलो होतो," तो मिस कॉर्लिसला म्हणाला. "मला कुणी तारा दिला नाही. दोन जोड मोजे दिले आणि आत्याने केक दिला."

"ब्लूबेरीचा," आत्या म्हणाली.

"चांगला होता. पण तारा नाही दिला. हा तारा ज्याचा, तो गेलाच नाही."

"लायमन!" बाबा गरजले.

"बाबा, आठ वर्षं गिळून बसलोय, आता बोलू द्या." लायमनने दोन्ही हात चादरीखाली सरकवले. "त्याचं बोलावणं आलं त्या रात्री तो माझ्या खोलीत आला होता. जायला तयार होता तो. बॅगसुद्धा भरली होती, तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून. मी त्याला म्हटलं, जाऊ नकोस. मी म्हटलं! तिथे काय काय बघितलं ते त्याला सांगितलं, तुम्हाला कधी सांगितलं नाही ते. रडलो त्याच्यासमोर. म्हटलं, मी गेलोय ना, एका घरातून एक पुरे झाला. त्याने माझं ऐकलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही चाकू आणलात तेव्हा मी तोंडाला कुलूप लावून बसलो. काढायचाच होता तर माझा तारा काढायचा होतात."

बाबा कितीतरी वेळ थोरल्या मुलाकडे बघत राहिले. आधी राग होता त्या बघण्यात, हे नक्की. मग तो कुठेतरी गेला आणि नुसतं म्हातारपण उरलं.

"तू रडलास?" त्यांनी विचारलं.

"हो."

"माझ्याकडे का नाही आलास?"

बाबांनी खुंटीवरची टोपी घेतली, ती डोक्यावर ठेवायची विसरले आणि मागच्या दाराने बाहेर पडले.

मिस कॉर्लिसचा चेहरा पांढराफटक पडला होता. "माझं काहीतरी चुकलं."

"छे गं बाई, तुझं सगळं बरोबर होतं, फक्त मुलगा दुसरा निघाला," आत्या म्हणाली. तिने डोळे पुसले आणि लगेच कामाचा आवाज लावला. "एक सांग. तुमच्याकडे गेल्यावर या भोकाचं काय होणार?"

"काहीच नाही. आम्ही नवं काही घालत नाही. सही झाली की त्याला कुणी सुई लावायची नाही, मीसुद्धा नाही. भोक भोकच राहणार."

"कायमचं?"

"कायमचं."

"आणि सही व्हायच्या आधी?"

मिस कॉर्लिसने आत्याकडे पाहिलं. हुशार बाई होती. तिने हातमोजे काढले, एकावर एक ठेवले. "चारपर्यंत झेंडा तुमचा आहे. मला वाटतं, मी नदीकाठी जाऊन बसावं. इथली नदी छान आहे असं ऐकलंय."

"रिकाम्या पोटी बसू नकोस," म्हणत आत्याने तिला घेवड्याचं भांडं आणि ब्राउन ब्रेडचा जाडजूड तुकडा देऊन अक्षरशः दाराबाहेर काढलं.

झेंडा तिघांनी मिळून मागच्या माडीवर नेला. या माडीवर बाबांचे आजोबा शिडं शिवायचे, मग बाबांनी शिवली, शिडं संपल्यावर ताडपत्र्या शिवल्या. बाबा तिथेच लाकडी बाकावर बसले होते. आत्याने त्यांच्या मांडीवर निळा भाग ठेवला, कमरेचा पांढरा ॲप्रन सोडला आणि दातांनी धरून टरकन फाडला.

"हा घे तुकडा. सुती आहे, कैकदा धुतलेला, आटायचा नाही."

"थर्झा, मला छळू नकोस."

"छळणार! ऐंशी वर्षांची झाले, आता नाही छळायचं तर कधी? अरे, सज्जावर उभा राहून खुर्चीची गोष्ट सांगतोस आणि डोक्यावर ते भोक! गाव ऐकून घेतं, कारण गावाला तुझी कीव येते. मला नाही येत. मी रागावलेय तुझ्यावर. आठ वर्षं रागावलेय आणि तुझ्यासाठी पाव भाजतेय."

बाबांनी तुकडा हातात घेतला. बोटं संधिवाताने वाकडी झालेली, तरी घड्या त्यांना आठवत होत्या. एक, दोन, तिरकी तिसरी, उलट, पुन्हा उलट. कात्री एकदाच चालली. उघडलं तर पाच टोकांचा तारा, कुठे एक सूत इकडे तिकडे नाही. हेस्टरला हे नेहमी जादूच वाटत आलं होतं.

"मला टेबलावर दिसणार नाही," बाबा ताऱ्याशीच बोलल्यासारखे म्हणाले. "खिडकीच्या उजेडासमोर टांगलं तरच कड दिसेल. मी पुढून शिवेन. पण मागची कडही शिवावी लागते. मागच्या बाजूला माणूस पाहिजे."

"मी—" हेस्टरने तोंड उघडलं आणि आत्याने तिच्या पायावर अशी टाच दिली की डोळ्यांत पाणीच आलं.

"माझे डोळे गेले," आत्या म्हणाली.

"मला सुई धरवत नाही," लायमन म्हणाला.

"हेस्टरचा टाका शाळेतला," बाबा म्हणाले. "रुमालाला ठीक आहे. इथे माडीवर शिकलेलं माणूस पाहिजे."

माडीवर शिकलेली जिवंत माणसं जगात दोनच होती, आणि त्यातलं एक या बाकावर बसलं होतं. खाली कोंबड्या कुरकुरत होत्या.

"हेस्टर," लायमन म्हणाला, "गाडी काढ."

"गाडी कशाला?" बाबा मान वर न करता म्हणाले. "चालत दहा मिनिटं लागतात."

हेस्टर गेली. चालत नाही, पळतच म्हणा ना. चौतीस वर्षांची शाळामास्तरीण, भर दुपारी, केस सुटलेले. हा पूल ती दर शनिवारी ओलांडायची, हातात घेवड्याचा डबा घेऊन. घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी विचारत नव्हतं. आज डबा विसरली होती.

आल्मन त्याच्या होड्यांच्या शेडमध्ये एक आवरण शिवत बसला होता. दाढी वाढलेली, अठ्ठावीसचा असून चाळिशीचा वाटायचा. तिने धापा टाकत सगळं सांगितलं. लायमनचं सांगितलं तेव्हा त्याने काम खाली ठेवलं.

"बोलला तो?"

"सगळं."

"आणि बाबा? त्यांनी माझं नाव घेतलं?"

खोटं बोलता आलं असतं. "नाही," हेस्टर म्हणाली.

"मग काय म्हणाले?"

"म्हणाले, मागच्या बाजूला माडीवर शिकलेलं माणूस पाहिजे."

"माणूस पाहिजे." तो हसला, पण हसू ओठांपर्यंतच आलं. "हेस्टर, मी स्वतःला सांगितलं होतं, नाव घेऊन बोलावतील तर जाईन. नाहीतर नाही. एवढं तरी मागायला नको मी?"

"माग! अवश्य माग!" हेस्टरचा बांध फुटला. "ते तिकडे नाव घेत नाहीत, तू इकडे पाऊल टाकत नाहीस, आणि मी आठ वर्षं पुलावर डबे वाहतेय! तुम्ही दोघं एकाच मुशीतले, दगड! चार वाजता तो झेंडा पेटीत जाईल. मग त्याला सुई लावायची कुणालाच मुभा नाही. ते भोक तसंच राहील, आपण सगळे मेल्यावरसुद्धा राहील, आणि लोक येऊन बघतील. तुला तेच हवं असेल तर बस इथे आवरणं शिवत."

तिला रडू कोसळलं. आल्मन उठला. त्याने खुंटीवरची चामड्याची पट्टी काढली, सुई रेटायला तळहातावर बांधतात ती, आणि सुईसकट खिशात घातली.

"तुझा टाका खरंच शाळेतला आहे," तो म्हणाला. "चल."

पुलाच्या अलीकडच्या टोकाला सीमेच्या चौकीतला माणूस बाहेर आला. आल्मनच्या वर्गातला होता. त्याने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"जाहीर करण्यासारखं काही सामान?"

"सुई."

"आठ वर्षं लागली तुला एवढ्याशा रस्त्याला," तो म्हणाला आणि बाजूला झाला.

माडीवर झेंडा तुळईवरून खिडकीसमोर टांगला होता. बाबा अलीकडे स्टुलावर. जिन्यात पावलं वाजली तशी त्यांची पाठ ताठ झाली, पण त्यांनी वळून पाहिलं नाही. आल्मनही थांबला नाही. थांबला असता तर बहुधा परत फिरला असता. तो सरळ झेंड्यामागे गेला, खोकं ओढून बसला आणि पट्टी बांधली. हेस्टर, लायमन आणि आत्या जिन्याच्या तोंडाशी उभे राहिले. वर यावं की खाली जावं ते तिघांनाही कळेना.

भोकातून उजेडाचा तुकडा बाबांच्या सदऱ्यावर पडला होता. मग आल्मनचं डोकं आड आलं आणि तो विझला. मोतीबिंदूच्या डोळ्यांना पलीकडचा चेहरा कितपत दिसत होता देव जाणे. बाबा बराच वेळ त्या भोकातून बघत राहिले.

"दाढी आहे," ते म्हणाले.

"हो."

"हं."

त्यांनी तारा भोकावर धरला, आणि चेहरा झाकला गेला. पहिलं टोक बाबांनी शिवलं. आल्मन मागून कापड ताणून धरत होता आणि दुमडलेली कड ताऱ्याला बसवत होता. सुई पुढून शिरे, मागे जाई, मागून परत येई. बाबांची सुई कधी चुकून कडेबाहेर निघायची; तेव्हा पलीकडून दोन बोटं तिला हळूच योग्य जागी ढकलायची. बाबांच्या ते लक्षात येत होतं. ते काही म्हणत नव्हते.

"कडेला जरा जवळ जवळ घाल," तिसऱ्या टोकाला ते म्हणाले. "तिथे वारा जास्त."

"ठाऊक आहे. माझाच आहे हा."

सुई थांबली.

"तुझाच," बाबा म्हणाले. खूप वेळाने पुन्हा म्हणाले, "मी चुलीत घातला रे तो. परत काढायला गेलो होतो. हात भाजला, पण तो गेला होता."

हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. हेस्टरला तेवढं आठवलं की त्या आठवड्यात बाबांच्या हाताला फडकं बांधलेलं होतं आणि डांबराने भाजलं असं त्यांनी सांगितलं होतं. झेंडा बारीकसा हलत होता, आणि माडीवर वारा नव्हता. बाबांनी डावा हात उचलून कापडावर सपाट ठेवला आणि ते हलणं थांबेपर्यंत तसाच धरून ठेवला.

आत्याने ॲप्रन शोधला, तो फाडला होता हे आठवलं, आणि तिने लायमनच्या बाहीला नाक पुसलं.

चारला दहा मिनिटं कमी असताना मिस कॉर्लिस रिकामं भांडं घेऊन आली. तोवर झेंडा पुन्हा टेबलावर होता. तिने हातमोजे चढवले, भिंग लावलं, तिसरी ओळ मोजली. सहा. शेवटचा तारा बाकीच्यांहून पांढरा होता. तिने तो उलटून मागची बाजू पाहिली, पुन्हा पुढची पाहिली. मग सगळ्यांकडे पाहिलं, दाराशी उभ्या असलेल्या दाढीवाल्या माणसाकडेही.

"नोंद करावीच लागेल," ती म्हणाली. "नवा तारा, जुलै १९७७. दोन हात दिसतात. पुढचे टाके एकाचे, मागचे दुसऱ्याचे. कुणाचे म्हणून लिहू?"

"पुढचे माझे," बाबा म्हणाले. "ऑरिन मेरिथ्यू."

"आणि मागचे?"

"मुलाचे."

"तुम्हाला दोन मुलगे आहेत ना? नाव लागेल मला."

हेस्टरने टेबलाची कड घट्ट धरली. लायमन खाली बघत होता. आल्मन दाराच्या चौकटीला टेकून उभा होता, परतीला निघाल्यासारखा, टोपी हातात. बाबांनी ओठ ओले केले. त्यांनी खुर्चीची पाठ धरली.

"आल्मन," ते म्हणाले. मग जास्त मोठ्याने, सज्जावरून बोलायचे त्या आवाजात, "आल्मन ऑरिन मेरिथ्यू."

मिस कॉर्लिसचं पेन कागदावर चालत होतं. "राहणार?"

"नदीपलीकडे राहतो," बाबा म्हणाले. त्यांनी दाराकडे पाहिलं, आणि मग घाईघाईने, कुणी मध्ये बोलू नये म्हणून, "रविवारी जेवायला इथे असतो."

मिस कॉर्लिसने तेही लिहून घेतलं.